ओल्या पोचेची गोष्ट

मंडळी, विषय आहे 'मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीची एजन्सी घ्यावी का?' पत्रिकेत माझ्या नावापुढे 'उद्योजक' छापलंय. बायको म्हणाली, या नावाचं गावात दुसरं कुणी आहे का? आपल्याकडे मला दलाल म्हणतात, आणि मला त्याचा राग नाही.

लोटे एमआयडीसीतल्या कारखान्याला गाडी आज हवी, पैसे 60 दिवसांनी देणार. कुंभार्ली घाट चढायच्या आधी ड्रायव्हरला डिझेलला पैसे हवेत. हे मधले 60 दिवस काढायची ताकद माझ्यात नाही, कंपनीत आहे. म्हणून एजन्सी. गिऱ्हाईक मी आणायचं, गाडी मी लावायची, अ‍ॅडव्हान्स कंपनीने द्यायचा आणि उरलेल्या फरकात दोघांचा वाटा.

आता 22 जुलै 2021, महापुराचा दिवस. चिपळूणकरांना तारीख समजावून सांगायला नको. माझं ऑफिस बाजारपेठेत, तळमजल्यावर. फळीवर पोचेचे 41 कागद. नवीन पोरांसाठी सांगतो: बिल्टी म्हणजे माल गाडीत भरताना फाडतात ती वाहतुकीची पावती, आणि पोच म्हणजे तिची ती प्रत, जिच्यावर माल उतरवून घेणारा सही-शिक्का मारतो. ती मुख्य ऑफिसला गेल्याशिवाय ड्रायव्हरचं बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, सुटत नाही आणि माझं कमिशनही. आठवड्याचा गठ्ठा करून पाठवायची माझी सवय. आळस म्हणा हवं तर.

पाणी ओसरल्यावर शटर उचललं. फळी होती, गठ्ठाही होता, पण चिखलाची वीट झालेला. बायकोने सुरीने एकेक कागद सोडवला आणि दोरीवर चिमट्यांनी अडकवला. जांभळ्या शाईचे शिक्के पसरून करवंदं चिरडल्यासारखे दिसत होते. कंपनीला फोन केला. तिथला मुलगा म्हणतो, "सर, क्लिअर स्कॅन पाठवा." मी म्हटलं, बाबा रे, वाशिष्ठी अख्खी कपाटातून गेली, स्कॅन क्लिअर कुठून आणू?



साताऱ्याच्या एका ड्रायव्हरचा फोन आला. "शेठ, तुमच्याकडे बघून गाडी लावली होती." कंपनीचं नावही त्याला धड घेता येत नव्हतं. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या आणि ड्रायव्हरांचं बॅलन्स मी चुकतं केलं. पुढे कारखान्यांकडून 'माल मिळाला' अशी पत्रं आणली, 26 कागदांचे पैसे सुटले. 15 कागदांचे नाही. ते कागद मी घरी ठेवलेत, हात लावला की अजून माती सुटते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता सुरू.

कमिशन कशावर, ते आधी बघा. समजा गिऱ्हाईक 32,000 देतंय, गाडीला 29,000 गेले, फरक 3,000. उशिराबद्दल गिऱ्हाइकाने 1,000 कापले, तर ते दोघांच्या फरकातून जाणार की तुमच्या एकट्याच्या वाट्यातून? करारात बहुधा तुमच्याच.

बिल्टी कंपनीच्याच नावाची फाडा. तुमच्या नावाने फाडलीत की वाहतूकदार तुम्ही. माल भिजला तर नोटीस तुमच्या दारात, आणि बुकिंगपासून 180 दिवसांत ती येऊ शकते.

गिऱ्हाईक कुणाचं? 'एजन्सी सोडल्यावर आमच्या गिऱ्हाइकाकडे जाणार नाही' असं कलम असतं. धंदा सोडल्यानंतरची अशी बंदी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण वकिलाची फी तुमच्याच खिशातून जाते. म्हणून तुमची जुनी गिऱ्हाइकं नावानिशी करारालाच जोडा.

राहिलं एक. आता ड्रायव्हर माल उतरला की तिथूनच पोचेचा फोटो पाठवतो. कागद वाहून गेला तर फोटोवर पैसे सोडू, एवढी एक ओळ लिहून घ्या. मी दोनदा मागितली. मला अजून मिळालेली नाही.