पुराचा तो व्हिडिओ नेमका कधीचा? आजोबा, बाबा अन् कॉलेजची पोरं बातम्या कशा पाहतात

नमस्कार राजेहो! आज बोलू ऑनलाइन बातम्यांबद्दल, कारण घरात तीन पिढ्या असल्या की एकच बातमी तीन रस्त्यांनी येते अन् मग जेवताना वाद सुरू.

आमचे आजोबा आता पेपर टॅबवर वाचतात, ई-पेपर, अक्षरं बोटांनी मोठी करून करून. बाबा अन् काकांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप. कॉलेजची पोरं तर बातमी शोधायला जातच नाहीत, रील पाहता पाहता मधात आली तेवढी पाहिली.

आता २३ सप्टेंबर २०२३ आठवा. रात्रीतून धो धो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नागनदीचं पाणी लोकांच्या घरात. त्या दिवशीचे व्हिडिओ आपल्या नागपूरचेच, खरे. पण त्यानंतर पावसाळ्यात एखादी जोराची सर आली की त्यातलाच एखादा आमच्या फॅमिली ग्रुपवर येतो, वर लिहिलेलं "आत्ताचं अंबाझरी, बाहेर पडू नका". एकदा असाच आला तं काकूनं ट्यूशनला निघालेल्या पोराला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं, अन् बाहेर नुसती रिपरिप सुरू होती!

म्हणून "म्हाताऱ्या लोकांना काहीही खरं वाटते" हे मला अजिबात पटत नाही. खरा घोळ तारखेचा आहे. पेपरच्या पानावर तारीख छापलेली असते, आजोबांची नजर आधी तिथंच जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओखाली दिसते ती वेळ मेसेज पाठवल्याची, शूटिंग कधी झालं ते त्यात कुठंच नाही. अन् रीलचं म्हणाल तर अ‍ॅप पाहते की तुम्ही कशावर किती वेळ थांबता, त्याच्यावरून पुढचं दाखवते, त्यामुळे जुना पूर विशीतल्या पोरांनाही आजचाच वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली की समजा मेसेज पाच किंवा जास्त वेळा फिरून आलाय. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तरी लोक एकेक करून पाठवतातच. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही बरं, फक्त पाठवणाऱ्यानं तो स्वतः काढलेला नाही एवढं नक्की.

मग करायचं काय? व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये टाका, जुनी बातमी असली तर बरेचदा तारखेसकट सापडते. यूट्यूबवर डिस्क्रिप्शन उघडा, तिथं तारीख असते, फक्त ती अपलोडची, कारण जुना व्हिडिओ कोणी कालही टाकलेला असू शकतो. आजोबांना हे एकदा बाजूला बसून दाखवा, नुसतं "फेक आहे" म्हणून ग्रुपवर चारचौघात तोडू नका, त्यांना लागते ते. आमच्या ग्रुपवर आता व्हिडिओ टाकला की खाली जागा अन् तारीख लिहावीच लागते, अन् नसली तं सगळ्यात आधी आजोबाच विचारतात, "कधीचं आहे रे हे?"