दुसऱ्या अंकातलं वादळ

(दृश्य : मांद्रे. देवळासमोरचा मंडप, रात्रीची तालीम.)

दुसऱ्या अंकाच्या शेवटी वादळाचा आवाज यायचा होता. आला नाही. नट बोलता बोलता थांबला आणि विंगेकडे पाहू लागला. विंगेत माझी भाची लॅपटॉपच्या काळ्या पडद्यासमोर बसून होती.

गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावकऱ्यांनीच मराठी नाटक बसवायचं, ही जुनी रीत. पार्श्वसंगीताचं बरंचसं काम आता लॅपटॉप करतो. आमचा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता.

"मामा, व्हायरस असेल काय? विंडोज परत घालूया?"

मी लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. पेटीवाल्याच्या जाड गादीवर तो दीड तास चालू होता. हवा आत घेण्याच्या जाळ्या खालच्या बाजूला, आणि त्या कापसात रुतलेल्या.

असा अचानक बंद पडलेला लॅपटॉप बिघडलाच असं धरून चालू नये. पुष्कळदा त्यानं स्वतःला वाचवलेलं असतं. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप. अनेक प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर आधी आपला वेग उतरवतो. म्हणून गाणं अडखळतं, माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो; पंखा तर त्याआधीपासूनच घोंघावत असतो. तरीही तापमान चढतच राहिलं, तर वीज तोडली जाते. तेव्हा फाइल जतन करायची का, हे कुणी विचारत नाही.

(दृश्य : घराचा सोपा, सकाळ. टेबलावर लॅपटॉप.)

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी नोंदी पाहिल्या. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते. ती पाहून लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नाही. कारण ती सांगत नाही. त्याच यादीत कर्नल-पॉवरचीच ८६ क्रमांकाची नोंद दिसली, तर मात्र उष्णतेमुळे बंद झाल्याचं तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे दोन्ही होत्या.

तरी मी आणखी एक खात्री करून घेतली, आणि ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. चार्जर लावून चालतो, पण नुसत्या बॅटरीवर तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच पटकन बंद होतो, असं असेल तर संशय बॅटरीवर घ्यायचा. अंग थंड असतानाच बंद पडत असेल, तर चार्जर, रॅम, बोर्ड असा शोध दुसरीकडे न्यावा लागतो. आमचा तसा नव्हता. तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला, टेबलावर ठेवून वादळाचा ट्रॅक आणि व्हिडिओ एकदम चालवले. आकडा ९८ वर जाऊन बसला. गादी काढूनही ९८. उलटा करून पाहिलं, तर मागचे दोन्ही रबरी पाय झिजून पडलेले. टेबलावरसुद्धा खालून हवा शिरायला फट उरली नव्हती. बाटलीची दोन झाकणं मागच्या कडेखाली सरकवली, आकडा ९१ वर आला. म्हणजे आणखी काहीतरी आत होतं.

(दृश्य : म्हापसा. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी, मग एका दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल.)

दुकानातल्या काकांनी स्क्रू काढून कागदावर जागच्या जागी मांडले आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. "ही फुगलेली असती, तर मी पुढे हातच लावला नसता," ते म्हणाले. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं किंवा खालचं झाकण नीट बसेना, की लॅपटॉप चार्जिंगला लावणं तिथेच थांबवायचं.

पंखा उचलला, आणि पंखा व उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या मध्ये लोकरीच्या तुकड्यासारखा एक थर निघाला. तांबडी धूळ, कापसाचे तंतू, उदबत्तीची राख. बोटाला ओलसर लागत होता. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि मांद्र्याच्या पावसाळ्यात आर्द्रता त्याहून वरच असते. अशी धूळ झटकून जात नाही, चिकटून बसते. प्रोसेसरपासून पात्यांपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या नळीच्या टोकाला हिरवट कळंकही चढला होता.

ही नळी मला फार आवडते. आत पोकळी, आणि तिच्यात थोडंसंच द्रव. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांच्या टोकाला पुन्हा पाणी होऊन ते मागे झिरपतं. पेजेच्या टोपावरच्या झाकणाखाली जे घडतं, तेच इथे बोटाएवढ्या जागेत अखंड चालू असतं. पण पाती बुजली तर त्या वाफेनं आणलेली उष्णता जाणार कुठे?

काकांनी पंखा बोटानं धरून ठेवला आणि मग हवेचा झोत मारला. मोकळा सोडला तर झोतानं तो भलत्या वेगानं फिरतो आणि बिघडू शकतो. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता नळीकडे नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली.

निघताना भाचीला त्यांनी एक गोष्ट बजावली. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून लॅपटॉप उतरवला की लगेच सुरू करायचा नाही. थंड धातूवर दमट हवेचं दव धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा.

(दृश्य : पुन्हा मंडप, रात्र.)

लॅपटॉप आता लाकडी पाटावर असतो, नव्या रबरी पायांवर. दोन तासांच्या तालमीत आकडा ७६ च्या पुढे गेला नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नट हात वर करतो, आणि वादळ सुरू होतं.