डब्यावरचं नाव नको, तोंडाचं माप बघा

माजलगाव, गेवराई, परतूर. कुठल्याही बाजाराच्या गावात सकाळी उभं राहा. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, मागे पेंडीचं पोतं, आणि खाली शंभर सीसीची जुनी गाडी. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. या जुन्या गाड्या मात्र अजून कार्बोरेटरवरच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावरच चालतात.

गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहीना, ॲव्हरेज पडलं, की मालक गॅरेजवर येऊन म्हणतो, "मिस्त्री, नवा कार्बोरेटर टाका."

नवा टाकायच्या आधी जुना उघडा. हे बघा, फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे खालच्या वाटीतलं पेट्रोल ताटलीत ओतलंय. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, त्याभोवती बारीक गाळ. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, जुन्या गाड्यांतलं रबर फुगवतं. अशा वेळी बऱ्याचदा किटवर भागतं: नवी फ्लोट निडल, ओरिंग, पॅकिंग. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, हवेनं साफ करा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर सरकणारी दट्टी, बोटानं हलवून बघा. बॉडीत खडखडत असेल, तर कडेनं हवा शिरते. मग स्क्रू कितीही फिरवा, स्लो टिकत नाही. हा कार्बोरेटर खरोखर संपला.

आता दुकान. काउंटरवर 'रेसिंग' लिहिलेल्या चकचकीत डब्यांत मोठ्या तोंडाचे कार्बोरेटर असतात. पोरांना तेच हवे असतात. माझं स्पष्ट मत, ते घेऊ नका. इंजिन शंभर सीसीचंच आहे, ते ओढेल तेवढीच हवा ओढणार. तोंड मोठं झालं की कमी रेसवर हवेचा वेग पडतो, आणि त्या वेगावरच तर जेटमधून पेट्रोल वर उचललं जातं. मग भरल्या कॅन घेऊन मांजरसुंब्याच्या घाटात गाडी नेमकी चढाला गचके खाते.

जुना कार्बोरेटर पिशवीत घालून दुकानात न्या. तोंडाचं माप, बोल्टांमधलं अंतर, एअर फिल्टरकडची बाजू, केबल कुठून येते, सगळं शेजारी धरून जुळवा. जेटच्या नुसत्या नंबरावर जाऊ नका. केहिन कंपनीच्या मेन जेटचा नंबर भोकाच्या व्यासावरून असतो, मिकुनी कंपनीच्या षटकोनी जेटचा पेट्रोलच्या प्रवाहावरून. आकडा सारखा असला तरी माल सारखा नसतो.

बसवल्यावर इंजिन चांगलं तापू द्या, मगच स्लो आणि एअर स्क्रू लावा. लोड घेऊन एक फेरी मारा, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघा. तांबूस-तपकिरी असेल तर जमलं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. आपल्याकडच्या मे महिन्यात हे थेट पिस्टनवर येतं. असं असेल आणि स्लाइडमधल्या निडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या, निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. पुन्हा फेरी मारा, पुन्हा प्लग काढा.