आवाज गेलेला टीव्ही

ही पडवी बघताय ना, वेंगुर्ल्यापासनं थोडी आत, माझ्या आत्येचं घर. तर १९८७ साली दर रविवारी सकाळी इथे पाय ठेवायला जागा नसायची. रामायण! वाडीत टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाइट, अँटेना बांबूला आणि बांबू माडाला बांधलेला, वारा सुटला की एखादं पोर बाहेर पळायचं तो फिरवायला, "आला काय? आला काय?" ओरडत. चित्र मुंग्यांमधनं का होईना, यायचं. आवाजाची मात्र नुसती खरखर, शेवटी आतोबांनी वैतागून बटण पिळून तीही बंद करून टाकली.

म्हणजे आम्ही रामायण बघितलं ते मुकं. गोष्ट सगळ्यांना पाठ, त्यामुळे अडलं काहीच नाही. पण ऐकायला काही नाही म्हटल्यावर माणूस तोंडं बघायला लागतो, आणि जो बोलतोय त्याच्या तोंडाचा दोन मिनिटांत कंटाळा येतो, ओठ हलतायत नुसते, मग नजर आपोआप सरकते बाजूला उभ्या असलेल्या बाईकडे. जी ऐकतेय तिच्याकडे. आत्येला ती सवय इथे लागली, मला आत्येमुळे लागली, आणि आज मी जे कोणी नावही घेत नाही असे जुने सिनेमे शोधून शोधून बघतो ते त्या सवयीपायीच.

मंथरा आली की आम्ही पोरं आत्येच्या पदराखाली. ललिता पवार. आवाज नसताना एवढी भीती कशी वाटायची ते मोठेपणी कळलं, बाई मुळात मूकपटांतल्याच की! बोलायची सोयच नव्हती तेव्हापासनं कॅमेऱ्यासमोर, १९३२ चा ‘कैलाश’ हा मूकपट काढण्यात तर त्यांचाही हात होता आणि कामही त्यांनी केलं. पुढे १९४२ ला एका शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. हा किस्सा सगळे हळहळत सांगतात, मलाही हळहळ वाटते, पण खरं सांगू का, त्या किश्शाच्या नादात लोक त्यांचं काम बघायचं विसरतात. दुसरा डोळा बघा ना. मान आधी वळते, डोळा नंतर पोचतो. आमच्या मुंग्यावाल्या टीव्हीवर सुद्धा ते दिसायचं.

आणि कौसल्या आली की आत्ये सगळ्यांना बजावून सांगायची, "ही आपल्या कारवाराकडची हां." जयश्री गडकर. जन्म १९४२ चा, सदाशिवगडाजवळ कणसगिरीचा. जयश्रीबाई म्हटलं की लोक ‘सांगत्ये ऐका’ आणि बुगडी, ठीक आहे, ते गाजलं, त्याबद्दल सगळ्यांनी सगळं बोलून झालंय. त्याच्या आधी ही पोरगी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये हिरॉईन संध्याबाईंच्या मागे ग्रुपमध्ये नाचत होती. कधी बघितलात तर पुढे बघू नका, मागची रांग बघा, मी दोनदा पॉज करून शोधलंय. रामायणात दशरथ झालेले बाळ धुरी हे त्यांचे खऱ्या आयुष्यातले यजमान, पण ते आम्हाला तेव्हा कुठे माहीत. राम वनवासाला निघाला आणि पडवीत सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला, तेव्हा आत्ये एकटी कोरड्या डोळ्याने म्हणाली, "बघ, ती आधी आयकता, मगे रडता." अभिनयावरचं एवढं नेमकं वाक्य मी नंतर कुठे ऐकलं नाही.

आता आत्ये चौऱ्याऐंशीची. टीव्ही भिंतीएवढा आहे, पण ती बघते माझ्या मोबाईलवरच, तांब्याला टेकवून ठेवते आणि नाक लावून बसते.

मागच्या पावसाळ्यात तिला ‘बादबान’ दाखवला. १९५४ चा, बॉम्बे टॉकीज ही फिल्म कंपनी मोडकळीला आलेली, कामगारांनीच सहकारी सोसायटी करून काढलेला सिनेमा. बादबान म्हणजे शीड, गोष्ट कोळ्यांची. देव आनंद, मीनाकुमारी, अशोककुमार, सगळी बडी मंडळी, आणि कोळ्यांची पोर म्हणून उषा किरण. आत्येचं पहिलं वाक्य, "कोळीण हिंदी कित्याक बोलता?" मग जरा वेळाने, "ही खयची?" म्हटलं, वसईची, मूळच्या उषा मराठे. "मगे बराबर." संपलं सर्टिफिकेट. फिल्मफेअरनेही दिलं होतं म्हणा, सहाय्यक अभिनेत्रीचं पहिलं अवॉर्ड ह्याच कामाला, पण आज किती जणांना हा सिनेमा माहितेय विचारा.

‘निर्मोण’ लावला तेव्हा मात्र तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज वाढवायला सांगितला. १९६६ चा कोंकणी सिनेमा, शालिनी मार्डोळकर. नवरा दर्यावर गेला तो गेलाच, बोट बुडाली, आणि मागे राहिलेली बायको. पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ झाला, त्यातही शालिनीबाईच होत्या, पण आत्येला हिंदीवाला नको. आमच्या वाडीत अर्ध्या घरांतले बाप्ये बोटीवर असायचे, शेजारची काकी पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं तांदळाचं सूप तसंच धरून उभी राहायची, ना पाखडत, ना खाली ठेवत. सिनेमा संपल्यावर आत्ये सिनेमाबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या काकीबद्दलच बोलत बसली दिवेलागणीपर्यंत.

आणि काल लावला ‘अमरज्योती’. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६. दुर्गा खोटे समुद्री लुटारूंची राणी, सौदामिनी! पुण्यात कुठला आलाय समुद्र, सगळं जहाज स्टुडिओतलं, पण बाई अशा उभ्या राहतात की खाली लाकडी सेट आहे हे विसरायला होतं. खऱ्या आयुष्यात सव्विसाव्या वर्षी विधवा, पदरात दोन मुलं, आणि चांगल्या घरातल्या बायका सिनेमात जात नसत त्या काळात ह्या गेल्या. प्रिंटबद्दल तक्रार करू नका, २००३ साली पुण्यात आग लागून प्रभातच्या कितीतरी मूळ नायट्रेट रिळांची राख झाली, आपण बघतो ती कॉपीची कॉपी.

अजून एक गंमत, १९८८ ला दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ लागायची ना, ती ह्याच दुर्गाबाईंच्या संस्थेची. तोवर आमचा टीव्ही दुरुस्त झाला होता, पण आत्ये आवाज कमीच ठेवायची आणि वागळेची बडबड ऐकणाऱ्या भारती आचरेकरांकडे बघून एकटीच हसायची.

तर ‘अमरज्योती’. न्यायमंत्री दुर्जय झालेत चंद्रमोहन, ते मोठे मोठे डोळे. ह्याच्या न्यायापायी सौदामिनीचं मूल तिच्यापासून तोडलं गेलेलं, आणि आता तोच तिच्या तावडीत. इथे नेमकी लाईट गेली, नेट गेलं, मोबाईलवर गोल फिरायला लागलं. आत्ये अंधारातनं, "फुडे काय झाला?"

म्हटलं, आत्ये, पाय तोडते ती त्याचा.

"तोडलान?"

"तोडलान."

"बरा केलान," म्हणाली, आणि काडेपेटी शोधायला उठली.