देणगीच्या पावतीवरचा एक रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या धर्मादाय रुग्णालयात पाऊल टाकले, की आधी दिसतात त्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या. बाकड्यावर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवरही कोणाच्या तरी स्मरणार्थ असे रंगवलेले असते, आणि त्या अक्षरांमागे आई-वडिलांविषयीची खरी कृतज्ञता असते, हे मी अनेक घरांत जवळून पाहिले आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते दात्यांविषयीच्या पूर्ण आदराने सांगते. देणगीतून खाट मिळते, यंत्र मिळते. त्या खाटेवरचा माणूस उपचारांतल्याच एखाद्या चुकीने दगावू नये, यासाठी लागणारा पैसा मात्र क्वचितच कोणी देतो.

पल्स ऑक्सिमीटर हे उपकरण 2020 नंतर घराघरांत माहीत झाले. बोटाला चिमटा लावायचा आणि रक्तातील प्राणवायूचा आकडा वाचायचा, एवढे आपल्याला ठाऊक असते. शस्त्रक्रियागृहात मात्र या उपकरणाकडे पाहण्याइतकेच ते ऐकण्याला महत्त्व असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातून एक आवाज येतो, आणि प्राणवायू कमी होऊ लागला की त्या आवाजाची पट्टी उतरत जाते. भूलतज्ज्ञ सिरिंजमध्ये औषध भरत असोत की पाठमोरे उभे असोत, सूर खाली आल्याबरोबर त्यांचे लक्ष रुग्णाकडे जाते. हे साधन नसेल, तर नाडीवर बोट ठेवायचे आणि ओठांचा, नखांचा रंग पाहत राहायचे, एवढेच हाती उरते. निळसर झाक डोळ्यांना दिसेपर्यंत प्राणवायू बराच खाली गेलेला असतो, सावळ्या वर्णावर आणि कमी उजेडात ती झाक दिसायला आणखी उशीर होतो, आणि मेंदूची हानी व्हायला काही मिनिटे पुरतात.

2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. जगातील सुमारे 77,700 शस्त्रक्रियागृहांत हे उपकरणच नाही, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील मंडळींनी मिळून ‘लाइफबॉक्स’ ही धर्मादाय संस्था उभी केली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे मूळ आपल्या विदर्भातले. त्यांच्या वडिलांनी उमरखेडला आपल्या आईच्या, म्हणजे गोपिकाबाईंच्या नावाने महाविद्यालय उभारण्यास हातभार लावला. संस्थेने सुमारे 250 डॉलरमध्ये मिळेल असा दणकट, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा ऑक्सिमीटर पुढे आणला आणि तो शंभराहून अधिक देशांत पोहोचवला. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की उपकरणाबरोबर शिकवणीही दिली गेली: सूर उतरला तर श्वासमार्ग, श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, औषध आणि उपकरण यांपैकी आधी काय तपासायचे, हे हातांना सवयीचे होईपर्यंत.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेची 19 बाबींची शस्त्रक्रिया-सूची तयार झाली होती. रुग्ण तोच ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, प्रतिजैविक दिले का, शेवटी गॉजचे तुकडे मोजले का, हे सर्वांनी थांबून मोठ्याने विचारायचे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले.

लाइफबॉक्सचे इथिओपियातील काम तर याहून बारीक आहे. जखमा चिघळू नयेत म्हणून तेथील पाच रुग्णालयांत कर्मचाऱ्यांनीच आपल्या कामाची वाट पायरीपायरीने तपासली. कापडी आच्छादनांना भोके पडली आहेत का, हत्यारांच्या डब्यातील, निर्जंतुकीकरण झाल्याची खूण देणाऱ्या दर्शक-पट्टीचा रंग खरोखर बदलला का, प्रतिजैविकाची मात्रा चिरा देण्यापूर्वी तासाभराच्या आत गेली का, असे ते प्रश्न होते. यात नवे बांधकाम नव्हते, महागडे यंत्र नव्हते, आणि तरीही जंतुसंसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. जुन्या चादरीचे भोक कोणी शोधले, याची पाटी कुठल्याच भिंतीवर लागत नाही.

हे सगळे सोपे आहे असे मात्र कोणी समजू नये. गेट्स फाउंडेशनच्या निधीतून उत्तर प्रदेशातील 120 आरोग्यकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या सूचीचा मोठा प्रयोग झाला आणि 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षक शेजारी उभे राहून शिकवत होते तोवर आवश्यक कृतींचे पालन 73 टक्क्यांच्या आसपास गेले, जिथे प्रशिक्षण नव्हते तिथे ते 42 टक्के होते. प्रशिक्षक गेल्यानंतर ते 62 टक्क्यांपर्यंत घसरले. माता आणि नवजात बालकांच्या मृत्यूंत व गंभीर गुंतागुंतीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष दात्याने आणि संशोधकांनी न लपवता छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. सवय लावायला वेळ लागतो, शिकवणारा माणूस लवकर उठून जाता कामा नये, आणि औषधे, कुशल हात व वरच्या रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याची सोय नसेल तर एकटी सूची अपुरी पडते, हे पुढच्या दात्यांना कळायला अशीच प्रामाणिक कबुली उपयोगी पडते.

आपल्या महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी नियम आहे: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तो कसोशीने पाळला गेलाच पाहिजे. पण हा नियम खाटा आणि रुपये मोजतो. मोफत खाटेवरच्या रुग्णाला योग्य औषध योग्य मात्रेत मिळाले का, हे मोजणे त्याच्या कक्षेबाहेर राहते.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात मला भांडारातला मॉनिटर दाखवला गेला. त्यावर दात्याच्या आईचे नाव होते आणि वर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचे आवरण घातले होते. यंत्र उत्तम होते, पण बोटाला लावायचा चिमटा तुटला होता आणि तो विकत घेण्याची तरतूद कोणत्याच खात्यात बसत नव्हती. ज्येष्ठ परिचारिकाबाई आवरण पुन्हा नीट खोचत म्हणाल्या, “ताई, यंत्र देणारे येतात, चिमटा देणारे कोणी येत नाही.” त्या माउलीच्या नावाचे यंत्र तसे अंधारात पाहून मला अतिशय वाईट वाटले.

श्रोत्यांपैकी कोणी एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, कोणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला देणगी देण्याच्या विचारात असतील. देण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांना भेटा आणि काय अडले आहे ते विचारा. यंत्र देणारच असाल तर त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा आणि शिकवणीचा खर्च त्याच धनादेशात धरा. पावतीवर देणगीचे प्रयोजन असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तिथे ‘इमारत निधी’ लिहिले जाते. तिथे ‘उपकरणांची दुरुस्ती व परिचारिकांचे प्रशिक्षण’ असे लिहायला सांगा.

नमस्कार.