25 विद्यार्थी, एक प्रशिक्षक

(पडद्यावर: इंजिनाचे दोन बोल्ट, भोकातून आत जाणारी तार. पहिला पीळ बसला की निवेदन सुरू.)

ही सेफ्टी वायर. जाडी 0.032 इंच. इंजिन चालू असलं की सतत थरथरतं, आणि त्या थरथरीत बोल्ट सैल होऊ शकतो. म्हणून शेजारशेजारच्या बोल्टांची डोकी अशी एकमेकांना बांधून टाकतात. एक सुटायला लागला, की तार दुसऱ्याला आवळते. पण त्यासाठी तारेची ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनंच हवी. उलट बांधलेली तार दिसायला तितकीच नेटकी दिसते, उपयोग मात्र शून्य.

एका इंचात 6 ते 8 पीळ. कमी पडले तर तार ढिली राहते, जास्त झाले तर तारच कमजोर होते. शेवटचं टोक वळवून आत दाबायचं, नाहीतर पुढे जो कोणी तिथे हात घालेल त्याचं बोट फाटेल. आणि एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात मावतं. हातात यायला किती वेळ लागतो? विमानाचे मेकॅनिक घडवणाऱ्या शाळांसाठी नियम लिहायला बसलं की हा प्रश्न येतोच. अमेरिकेनं त्याला दोनदा उत्तर दिलं, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

(पडद्यावर: सायकलच्या दुकानाची कृष्णधवल छायाचित्रं.)

1903. ओहायो राज्यातलं डेटन शहर. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर कामाला होता. हाताशी एक लेथ, एक ड्रिल प्रेस, आणि नेहमीची किरकोळ हत्यारं. एवढ्यावर त्यानं सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचं, साधारण 12 अश्वशक्तीचं इंजिन उभं केलं. त्याच इंजिनावर पहिलं विमान उडालं. टेलरला विमानाचं काम शिकवणारी शाळा नव्हती, असण्याची शक्यताही नव्हती. त्याचं काम तपासायला कुणी परीक्षकही नव्हता. त्याचे मालक स्वतःच त्या यंत्रावर चढणार होते, हीच काय ती परीक्षा.

पुढे शाळा आल्या आणि त्यांच्यासाठी नियमावली आली. अमेरिकेत तिला ‘पार्ट 147’ म्हणतात. तिच्या जुन्या रूपात सगळा हिशेब तासांचा होता. सर्वसाधारण विषयांना 400 तास, विमानाच्या सांगाड्याला 750, इंजिनाला 750. एकूण 1,900. विद्यार्थ्याला दिवसात 8 तासांपेक्षा जास्त आणि आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त बसवायचं नाही, हेही लिहिलेलं. प्रत्येक विषयाला तीन पायऱ्यांपैकी एक ठरवून दिलेली. पहिलीत नुसती माहिती, दुसरीत थोडं प्रात्यक्षिक, तिसरीत इतकं कौशल्य, की झालेलं काम थेट उडायला सोडता यावं. लाकडी पंखांची दुरुस्ती त्या यादीत शेवटपर्यंत टिकून होती, भले पहिल्या पायरीवर का असेना.

(पडद्यावर: हँगरचं दार उघडतं. आत विमान, एका बाजूचं इंजिन उतरवलेलं.)

हे विमान उडत नाही, आणि त्याची गरजही नाही. जुन्या नियमात तसं स्पष्ट होतं: शाळेकडे किमान एक विमान हवं, इंजिन, पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर), उपकरणं, दिवे, संपर्कयंत्रणा सगळं असलेलं. ते उडण्यायोग्य नसलं तरी चालेल. मोडलेलं असेल तर मात्र पूर्ण जोडता येईल इतपत दुरुस्त हवं. आत ओढली जाणारी चाकं त्याला नसतील, तर त्या यंत्रणेची चालती प्रतिकृती ठेवायची. शिवाय रंग फवारायला हवेशीर जागा, सुटे भाग धुवायला टाक्या, इंजिन चालवून बघायला सोय. वाचताना ही यादी किराणा मालाची वाटते. पण इथे उभं राहून पाहिलं की कळतं, यातली एक ओळ गळली तर एक अख्खा विषय फळ्यावरच उरकला जाईल.

(पडद्यावर: रिव्हेट गनचा आवाज. तो पूर्ण जाऊ द्यावा.)

रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडणारी धातूची खीळ. तिचं काम दोघांचं. एकजण गन धरतो, दुसरा पत्र्याच्या मागून पोलादी ठोकळा टेकवून ठेवतो, त्याला बकिंग बार म्हणतात. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. मागे जे डोकं तयार होतं, ते रिव्हेटच्या दांड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि त्या जाडीच्या निम्मं उंच असावं लागतं. ठोकळा जरा तिरका झाला, की डोकंही तिरकं. मग तो रिव्हेट ड्रिल करून काढायचा, भोक न वाढवता. भोक वाढलंच तर पुढच्या मापाचा रिव्हेट. आणि तोही बसवताना भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत दांड्याच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर उरतंय का, ते पाहायचं.

आता प्रशिक्षकाकडे बघा. ती बाकावरचं काम तपासत नाहीये, डोळे मिटून आवाज ऐकतेय. ठोकळा नीट टेकलाय की नाही, हे आवाजावरून कळतं. असे किती हात एका वेळी ऐकता येतील? नियमानं आकडा घातलाय: कार्यशाळेत एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त 25 विद्यार्थी. युरोपच्या नियमावलीत प्रात्यक्षिकाला हाच आकडा 15 आहे, आणि भारताचे नियमही युरोपच्याच धर्तीवर बेतलेले. स्पष्ट सांगायचं तर 25 हा आकडा आम्हाला मोठा वाटतो. इतक्या जणांत काही हात कुणी न पाहता पुढे जाणारच.

डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून जुना पार्ट 147 बदलायला लावला. नवा नियम 24 मे 2022 रोजी प्रसिद्ध झाला, म्हणजे चार्ली टेलरच्या जन्मतारखेला. 21 सप्टेंबरपासून तो लागू झाला. तासांचा हिशेब गेला. विषयांची आणि सामानाची लांबलचक यादी गेली. आता अभ्यासक्रम मेकॅनिकच्या परीक्षेच्या निकषांशी जुळता हवा, सामान ‘योग्य’ हवं, आणि तीन वर्षांच्या हिशेबात किमान 70 टक्के विद्यार्थी परीक्षेत पास व्हायला हवेत. शाळांची ही मागणी जुनीच होती. नव्या विमानांत संगणक आणि कार्बनचे सांगाडे आले, आणि यादी मात्र कार्बुरेटरपाशी थांबलेली. मागणी रास्त होती, यात वाद नाही.

25 चा आकडा मात्र नव्या नियमातही तसाच राहिला.

आणि तासांचं बंधन गेलं, की वेळ सर्वांत आधी कुठून कापला जातो? वर्ग भरवायला खडू पुरतो. कार्यशाळेला पत्रा लागतो, रिव्हेट लागतात, वाया गेलेल्या मालाचा खर्च लागतो. युरोपनं तास सोडलेले नाहीत. तिथे टर्बाइन विमानांच्या पूर्ण अभ्यासक्रमाला आजही 2,400 तास लागतात.

(पडद्यावर: बोल्टांचे खण, जवळून.)

10 जून 1990. ब्रिटनहून निघालेल्या विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, तरी वाचला. काचेच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट मापापेक्षा बारीक होते, काच बसवताना अनुभवी मेकॅनिकनं नुसत्या नजरेनं जुळवून निवडलेले.

(पडद्यावर: पुन्हा कार्यशाळा. टॉर्क रेंचचा टक् आवाज.)

शिक्षण संपलं की तीन परीक्षा: लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. त्या खोलीत आमचा कॅमेरा नव्हता. पास झालं की प्रमाणपत्र, आणि त्याला मुदत नाही. पण अमेरिकेच्या नियमात एक अट आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एखादं काम मेकॅनिकनं याआधी स्वतः नीट करून दाखवलेलं नसेल, तर त्या कामावर त्याला एकट्यानं सही करता येत नाही. आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली ते करून दाखवायचं. शिवाय मागच्या 24 महिन्यांत किमान 6 महिने मेकॅनिकचं काम केलेलं हवं. शाळेतले तास मोजणं बंद झालं, हे महिने मोजणं चालू आहे.