साहेबांचा स्वभाव, लेखी

नमस्कार. पुढच्या रांगांत विद्यार्थी दिसतात, मागच्या दोन रांगांत काळे कोट. मागच्यांना एकच विनंती, हरकती मनात नोंदवून ठेवा. शेवटी सगळ्या एकत्र ऐकून घेईन.

माझी वकिली सांगलीच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली. पहिल्या दिवशी आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम शिकत होतो त्या वकिलांनी, मला कायद्यातलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, "तीन नंबरच्या कोर्टात जायचंय. साहेबांना पाल्हाळ खपत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर तारीख मागू नकोस, तेव्हा चिडलेले असतात. आणि उभं राहायच्या आधी बेंच क्लार्कच्या चेहऱ्याकडे बघ." बेंच क्लार्क म्हणजे साहेबांपुढे बसणारा कोर्टाचा कारकून. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नव्हतं. बार रूममध्ये चहाबरोबर मिळायचं, आणि चहा कोणाच्या टेबलावर पिता त्यावर ते किती मिळणार हे ठरायचं. ज्याचे वडील वकील, त्याला रात्री जेवताना घरीच मिळायचं. माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते.

पुढे एलएल.एम. केलं, न्यूयॉर्कची बार परीक्षा दिली, मॅनहॅटनमधल्या एका फर्ममध्ये लागलो. पहिली फेडरल केस हातात आली तेव्हा जुन्या सवयीने वरिष्ठ वकीलबाईंना विचारलं, "जजसाहेबांचा स्वभाव कसा आहे?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "वेबसाइटवर आहे." मला वाटलं, थट्टा करताहेत. जाऊन बघितलं तर खरंच होता. अकरा पानं.

त्या अकरा पानांबद्दल, म्हणजे न्यायाधीशाने स्वतःच्या कोर्टापुरते लिहून ठेवलेल्या नियमांबद्दल, आज बोलायचं आहे.

आधी थोडी रचना सांगतो, कारण अमेरिकेत कोर्टं दोन प्रकारची असतात आणि टीव्हीवर दिसतात त्यातली बरीचशी राज्यांची असतात. मी बोलतोय ती संघराज्याची, म्हणजे फेडरल जिल्हा न्यायालयं. देशभरात अशी ९४ आहेत. तिथले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देतं आणि पद बहुतेक ठिकाणी तहहयात असतं. मॅनहॅटनच्या न्यायालयात अशी २८ पदं आहेत. केस दाखल झाली की चिठ्ठी टाकल्यासारखी एका न्यायाधीशाकडे जाते, आणि एरवी शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहते. आपल्याकडे रोस्टर, म्हणजे कामांची वाटणी, बदललं की मॅटर दुसऱ्या बेंचपुढे जातं, साहेबांची बदली होते, अर्धा ऐकलेला युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून. तिथे पहिल्या दिवशी जे नाव निघालं, त्याच्याशी दोन-चार वर्षांचा संसार. त्यामुळे त्याला काय चालतं, काय नाही, हे आधी माहीत असणं वकिलाच्या फायद्याचं आणि आधी सांगून टाकणं न्यायाधीशाच्याही फायद्याचं.

दिवाणी प्रक्रियेचे फेडरल नियम १९३८ सालापासून लागू आहेत. त्यांच्याखाली प्रत्येक जिल्ह्याचे स्थानिक नियम, आणि त्याखाली हे एकेका न्यायाधीशाचे. आता म्हणाल, न्यायाधीशाला स्वतःचे नियम करायचा अधिकार दिला कोणी? नियम ८३ ने. पण त्याच नियमात एक अट आहे आणि मला ती या सगळ्या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. जी अपेक्षा कायद्यात नाही, फेडरल नियमांत नाही, स्थानिक नियमांतही नाही, ती पाळली नाही म्हणून वकिलाला शिक्षा करायची असेल, तर त्या वकिलाला त्या अपेक्षेची प्रत्यक्ष सूचना आधी मिळालेली असली पाहिजे. म्हणजे साहेबांना लहर असायला हरकत नाही, पण लहरीची नोटीस बजावलेली हवी.

आता अकरा पानांत असतं काय? तारखेपासून सुरू करतो, म्हणजे सगळे नीट बसतील. (हशा) तारीख पुढे ढकलून हवी असेल तर अर्ज लेखी, साधारणपणे किमान दोन दिवस आधी. त्यात लिहायचं: मूळ तारीख कोणती होती, याआधी किती वेळा मुदत मागितली, त्यातल्या किती मिळाल्या, कारण काय, आणि समोरच्या वकिलाची संमती आहे का. नसेल तर तो का नाही म्हणतो, तेही तुम्हीच लिहायचं. कागदावर "यापूर्वी तीन वेळा मागितली, तीनदा मिळाली" असं स्वतःच्या हाताने टाइप करताना जी लाज वाटते, तिचा परिणाम दंडापेक्षा जास्त होतो. सांगलीत मी एकाच दाव्यात नऊ तारखा घेतल्या आहेत. त्या मोजून लिहायची वेळ आली असती तर मी पाचव्याच्या पुढे गेलो नसतो.

दुसरं, पत्र. बऱ्याच न्यायाधीशांकडे अर्ज सरळ दाखल करता येत नाही. आधी पत्र लिहून सांगायचं की असा अर्ज करायचा विचार आहे, थोडक्यात कारण हे. तीन पानं, फार तर. समोरचा तीन पानांत उत्तर देतो. मग न्यायाधीश दोघांना बोलावून विचारतात, हे खरंच करायचंय का? निम्मे अर्ज तिथेच गळतात, असा माझा अनुभव. माझं पहिलं पत्र मात्र चार पानांचं होतं. नेमकं सांगायचं तर तीन पानं आणि सात ओळी. दुसऱ्या दिवशी त्यावर न्यायाधीशांचा एका ओळीचा आदेश आला: पत्र रद्द, नियमानुसार पुन्हा दाखल करावे. तो आदेश जाहीर रेकॉर्डवर आहे. दहा सेंट भरून कोणीही ते पान बघू शकतो. अक्षर लहान करून मजकूर कोंबावा म्हटलं तर तीही वाट बंद. न्यूयॉर्कच्या त्या जिल्ह्याच्या स्थानिक नियमात अक्षराचा आकार बारा पॉइंट, तळटिपांचा दहा आणि चारही बाजूंना एक इंच समास, हे ठरवून दिलेलं आहे.

कागदाच्या बाबतीत तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सगळं ऑनलाइन दाखल होतं, तरी एकांना छापील प्रत हवी, दोन्ही बाजूंनी छापलेली, तीन कड्यांच्या बाइंडरमध्ये, प्रत्येक निशाणीला, म्हणजे पुराव्याच्या कागदाला, टॅब लावलेला. शेजारच्या कोर्टातल्या न्यायाधीशांच्या नियमात लिहिलेलं: कृपया कागद पाठवू नयेत. चेंबरला, म्हणजे न्यायाधीशांच्या कार्यालयाला, फोन कधी करायचा, हेही लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, करू नका.

आता भांडणं. पुरावे एकमेकांना दाखवायच्या टप्प्याला तिथे डिस्कव्हरी म्हणतात आणि खरी लढाई तिथेच होते. साक्षीदाराची कोर्टाबाहेर शपथेवर जबानी घेतात, तिला डिपॉझिशन. न्यायाधीशांचा नियम असा की कुरबूर घेऊन माझ्याकडे यायच्या आधी दोन्ही वकिलांनी आपसांत बोलायचं. खरोखर बोलायचं, नुसती ई-मेलची फेकाफेक नको. हे न पाळणाऱ्यांचं काय होतं? २००६ साली फ्लोरिडातल्या न्या. ग्रेगरी प्रेसनेल यांच्यापुढे दोन वकील वाद घेऊन आले, वाद कशाचा, तर डिपॉझिशन कुठे घ्यायचं. दोघांची ऑफिसं टॅम्पामध्ये एकाच इमारतीत, चार मजल्यांच्या अंतराने. न्यायाधीशांनी आदेश काढला: ठरत नसेल तर दोघांनी फेडरल कोर्टाच्या पायऱ्यांवर यावं आणि 'रॉक, पेपर, सिझर्स' खेळावं. दगड-कागद-कात्री! २०११ मध्ये टेक्सासचे न्या. सॅम स्पार्क्स यांनी अशाच भांडखोर वकिलांना बालवाडीच्या पार्टीचं निमंत्रण देणारा आदेश काढला, तारीख, वेळ आणि कोर्टरूमच्या क्रमांकासह. वाचताना हसू येतं खरं, पण आदेशात आपलं नाव असलेल्या वकिलाला ते जन्मभर पुरतं. न्यायाधीशांनी वकिलांची अशी जाहीर फजिती करावी का, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं.

खटला उभा राहिला की नियमांचा सूर बदलतो, कारण आता समोर ज्युरी असते, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक. दिवाणीत सहा ते बारा माणसं, फौजदारीत बारा. कोणी बसचालक, कोणी शिक्षिका, कामधंदा सोडून दिवसाला पन्नास डॉलरवर बसलेली. न्यायाधीशाला स्वतःचा वेळ गेला तर एक वेळ चालतो, त्यांचा गेलेला चालत नाही. खटल्यातले बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. ज्युरीला बाजूला बसवून न्यायाधीशाच्या कानाशी कुजबुज करायची नाही, जो वाद अपेक्षित आहे तो सकाळी ज्युरी यायच्या आधी उकरून काढायचा. निशाण्यांवर आधीच क्रमांक टाकलेले हवेत. आणि तुमचा पुढचा साक्षीदार हजर नसला तर? काही न्यायाधीशांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं: तुमचा पुरावा संपला असं धरू. "साहेब, साक्षीदाराची एसटी चुकली" हे वाक्य तिथे चालत नाही.

हरकतीचंच बघा. साक्षीदार म्हणतो, "शेजाऱ्याने मला सांगितलं की मालकाला गळती माहीत होती." आपण काय करू? उठू आणि म्हणू, "मायलॉर्ड, याला माझी सक्त हरकत आहे, कारण शेजाऱ्याला साक्षीला बोलावलेलं नाही, त्याचं मालकाशी भांडण होतं..." झालं! जे ज्युरीच्या कानावर जाऊ नये ते सगळं तुम्हीच सांगून टाकलंत. तिथे उभं राहायचं आणि दोनच शब्द म्हणायचे: "हरकत, ऐकीव." आणि गप्प. न्यायाधीश "मान्य" किंवा "अमान्य" म्हणतात आणि गाडी पुढे जाते. ते गप्प राहणं शिकायला मला दोन वर्षं लागली.

आणि घड्याळ. अनेक न्यायाधीश प्रत्येक बाजूला ठरावीक तास देतात, बुद्धिबळाच्या घड्याळासारखे. तुमच्या साक्षीदाराची सरतपासणी तुमच्या खात्यात, समोरच्याच्या साक्षीदाराची तुम्ही घेतलेली उलटतपासणीही तुमच्याच खात्यात. २०१२ साली कॅलिफोर्नियात ॲपल विरुद्ध सॅमसंग चाललं तेव्हा न्या. लूसी कोह यांनी दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस तास दिले होते. शेवटी ॲपलच्या हातात चार तासही उरले नव्हते, आणि त्यांच्या वकिलांनी बावीस साक्षीदारांची यादी पुढे केली, पंच्याहत्तर पानांचा मजकूर. न्यायाधीशबाईंनी भर कोर्टात विचारलं, नशा करून आलात की काय, कारण शुद्धीवरच्या माणसाला कळेल की हे साक्षीदार येणार नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला आपले लोकमान्य आठवले. १९०८ च्या खटल्यात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली, काही दिवस मिळून सुमारे एकवीस तास. आजच्या फेडरल न्यायाधीशासमोर समारोपाला तासभर मिळाला तरी नशीब म्हणायचं. पण लगेच दुसरी बाजूही बघा. टिळकांना दोषी ठरवणारी ज्युरी सात विरुद्ध दोन अशी विभागली होती. फेडरल फौजदारी खटल्यात निकाल एकमताचाच लागतो. सात-दोनवर मंडाले झालं नसतं. एकवीस तास आणि एकमत यांतून एकच घ्या म्हटलं तर मी काय घेईन, हे तुम्हाला सांगायला नको.

अलीकडची एक भर सांगतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला 'माता विरुद्ध आव्हियांका' या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे जोडले, आणि त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्या. केविन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला, आणि ज्या खऱ्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निवाडे खपवले होते, त्यांना पत्रं लिहून कळवायला लावलं. प्रकरण उघडकीला आलं त्याच सुमारास टेक्सासचे न्या. ब्रँटली स्टार यांनी आपल्या नियमांत भर घातली: एआय वापरलेलं नाही, किंवा वापरलं असेल तर त्यातला प्रत्येक संदर्भ माणसाने तपासलेला आहे, असं प्रमाणपत्र द्या. कायदेमंडळाला याला काही वर्षं लागली असती. एका न्यायाधीशाने एका पानात काम केलं.

नवख्यांसाठीही काही जण लिहून ठेवतात. युक्तिवाद कनिष्ठ वकील करणार असेल तर आधी कळवा, मी सुनावणी ठेवतो, एरवी कागदांवरच निकाल देईन. माझा पहिला तोंडी युक्तिवाद असाच झाला. अर्ज वरिष्ठ बाईंचा, सगळी तयारी त्यांची, पण नियमातली ती ओळ वाचून त्या म्हणाल्या, "तू उभा राहा." बारा मिनिटं. जिंकलो नाही.

याला दुसरी बाजू नाही असं समजू नका. एकाच इमारतीत चाळीस चेंबर असतील तर चाळीस रीती. मोठ्या फर्मला हे परवडतं, तिथे नियम वाचायलाच माणसं असतात. एकटा वकील, किंवा वकीलच न परवडणारा पक्षकार, टॅब लावलेल्या बाइंडरपाशी अडखळतो. सारख्या कामासाठी शेजारी शेजारी वेगळे नियम का, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण बार रूममधल्या चहापेक्षा अकरा पानं बरी, एवढं मी टाइमकीपरचा मुलगा म्हणून सांगू शकतो.

गेल्या डिसेंबरात सांगलीला आलो तेव्हा सरांना भेटलो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी मोबाइल डोळ्यांशी धरून त्यांनी ती अकरा पानं सगळी वाचली. तारखेच्या नियमावर "छान, छान" म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "जेवणानंतर चिडतात का, ते कुठे लिहिलंय?"

म्हटलं, "सर, ते नाही लिहिलेलं."

"मग कळतं कसं?"

"कोर्टरूम डेप्युटी म्हणून असतात. उभं राहायच्या आधी त्यांच्याकडे एकदा बघायचं."

सर खुशीत हसले. "म्हणजे बेंच क्लार्कच की रे!"